टाच टेकेपर्यंत

माझ्या पोटरीत जे येतं त्याला आमच्या घरात तीन नावं आहेत. सासूबाई त्याला वांब म्हणतात, नवरा पेटका म्हणतो आणि मी गोळा. मुंगीने माझा शब्द उचलला. मुंगी म्हणजे आमची अडीच वर्षांची मुलगी. रांगत होती तेव्हा जमिनीवरचा कणन्‌कण वेचून तोंडात घालायची, तेव्हापासून ती मुंगीच. तिच्या लेखी गोळा म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखं काहीतरी गोल आणि जिवंत. ते आईच्या पायात राहतं. आई सायकलवरून लांब गेली की जागं होतं आणि आईला घरी येऊ देत नाही. एकदा मी पलंगावर पाय पसरून बसले होते, तर ती आली आणि माझ्या पोटरीला कान लावून बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शूऽ. झोपलाय."

मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. पोटातल्याला आणि पोटरीतल्याला एकच शब्द का असावा, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

आमच्या घरापासून तळ्याचा बांध पासष्ट किलोमीटरवर आहे. मुंगीच्या जन्माआधी मी वर्षातून एकदा तरी तिथे सायकलने जाऊन यायचे, एकटी. बांधाला कमरेएवढा दगडी कठडा आहे. त्यावर पाय सोडून बसलं की समोर इतकं पाणी, की पलीकडे दिसतोय तो काठ आहे की धुकं ते ठरवता येत नाही. अर्धा तास बसायचे आणि परत निघायचे. तिथे मला कुणी हाक मारत नसे. घरात मी दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत असते: खिडकीची कडी, गॅसचं बटण, मुंगीच्या तोंडात काय आहे. बांधावर बघायला काहीच नव्हतं. कशावरही लक्ष न ठेवता नुसतं बसणं हे माझं एक जुनं अंग होतं, आणि न वापरल्यामुळे ते सुकत चाललंय असं मला वाटायला लागलं होतं.

म्हणून मुंगी दोन वर्षांची झाल्यावर मी पुन्हा निघाले. रविवारी पहाटे पाचला निघायचं, दुपारी तीनच्या आत परत. आदल्या दिवशी तिला सांगून ठेवलं, तू दुपारची झोपून उठशील ना, तेव्हा मी तुझ्या उशाशी असेन. परतीच्या वाटेवर बहात्तराव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा आला. ज्याला कधी आला नाही त्याला कसं सांगू? आत कुणीतरी मूठ वळतं आणि ती उघडायला विसरतं. मी सायकलसकट कडेच्या गवतात आडवी झाले. नवऱ्याला फोन केला. सासूबाई त्या दिवशी नणंदेकडे गेल्या होत्या, त्यामुळे तो गाडी घेऊन आला तेव्हा मागच्या सीटवर मुंगी होती, झोपेतून उचललेली, एका गालावर उशीची घडी उमटलेली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या पायाकडे बघत होती.

दीड महिन्याने पुन्हा गेले. या वेळी एकोणसत्तराव्याला. पुन्हा गाडी, पुन्हा मागच्या सीटवरून ती नजर.

त्यानंतर मुंगीने दुपारची झोप सोडली. डोळे मिटायला लागले की दचकून उठून बसायची. आम्हाला कारण कळेना. एका दुपारी तिनेच सांगितलं, अगदी समजावून सांगावं तसं: ती झोपली की गोळा उठतो. दोन्ही वेळा असंच झालं होतं की नाही? ती झोपली, आणि आई आली नाही.

तर्कात कुठे चूक नव्हती.

मी ठरवलं की अजून एकदाच जायचं. जमलं तर जमलं. नाहीतर सायकल नवऱ्याच्या सहकाऱ्याला देऊन टाकायची; तो बरेच दिवस मागे लागला होता. असं कर म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, त्याला घाई कशाचीच नसते. तो एवढंच म्हणाला, "मी आहे ना. फोन कर, येईन." त्याचा हा चांगुलपणा मला आतून टोचायचा.

कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकले. बेडकाच्या पोटरीचा स्नायू काढून त्याला टिचकीएवढा वीजप्रवाह द्यायचा आणि काजळी लावलेल्या कागदावर त्याची उडी उमटवायची, हा आमचा प्रयोग असे. एक उडी, दुसरी उडी, आणि मग लागोपाठ देत राहिलं की सगळ्या उड्या एकमेकींत मिसळून एकच सरळ रेघ, वरच्या वर थांबलेली. ती रेघ मला आठवत होती. मी एक वही केली, गोळ्याची वही. किती वाजता किती पाणी प्यायले, किती मीठ, किती केळी, आदल्या रात्री किती तास झोप. पहिल्या वेळी पाणी कमी पडलं असेल असं धरून दुसऱ्या वेळी दर वीस मिनिटांनी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घेतलं होतं. तरीही गोळा ठरल्या जागी, ठरल्या वेळी हजर. जमेल तिथे वाचलं. मीठपाण्याचा भाग आहे, पण तेवढ्याने भागत नाही, असं जाणकार म्हणतात. थकलेल्या स्नायूला "आवळ" हा निरोप पोचत राहतो आणि "सोड" हा निरोप क्षीण होतो. सवयीपेक्षा जास्त वेगाने रेटलं तर हे लवकर होतं. आणि स्नायू आधीच आखडलेला असताना त्याला कामाला लावलं, तर अजून लवकर.

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि पान उलटलं. माझा स्नायू कशाला आखडेल?

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. त्या माझी पोटरी चोळून देत, तेलाचा हात पदराला पुसत, आणि म्हणत, "वांब पायाला नाही गं, तुझ्या जिवाला आलाय."

मी म्हणायचे, आई, जिवाला कुठून चोळणार?

मग त्या माझ्या पायावर हलकी चापट मारायच्या आणि उठायच्या.

गल्लीच्या टोकाला एक दुकान आहे. रुंदीला दोन दारं, आत अर्ध्या भागात सायकली, अर्ध्या भागात चपला-बूट. बाहेर हाताने रंगवलेली पाटी: पायाखालचं सगळं दुरुस्त करून मिळेल. दुकानातले काका साठीचे असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि ती नीट करून देतो म्हणून माझा नवरा दोन वर्षं त्यांच्या मागे आहे. काका माणसं तळव्यांवरून ओळखतात. नावं लक्षात ठेवत नाहीत. समोरच्या शाळेतल्या बाई म्हणजे "डावी कड", कारण त्यांची डाव्या बाजूची कड आधी झिजते. बँकेतले एक साहेब म्हणजे "फरफट". त्या साहेबांना हे नाव माहीत आहे आणि ते त्यालाच ओ देतात.

त्या दिवशी मी घरातल्या सपाता घेऊन गेले होते, अंगठ्याची पट्टी निघाली होती म्हणून. काकांनी सपात उलटी केली. मग दुसरी उलटी केली. चष्मा कपाळावर सरकवून जवळ धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की घरात कुणी आजारी आहे का.

मी नाही म्हटलं.

"मग चोऱ्या करता?"

मला काही कळेना. त्यांनी सपाता माझ्यापुढे धरल्या. पुढच्या बाजूने रबर इतकं पातळ झालं होतं की मागून उजेड दिसावा. आणि टाच कोरी. दुकानातून आणली तशी. टाचेच्या जागी रबरावर ठशात उमटवलेली कंपनीची अक्षरं होती, ती अजून जशीच्या तशी वाचता येत होती. किती दिवस वापरताय, त्यांनी विचारलं. मी हिशेब केला आणि सांगितलं, मुंगी झाली तेव्हा घेतल्या.

माझी सायकल बाहेर उभी होती. त्यांनी ती आत घेतली, मागचं चाक स्टँडवर उचललं आणि मला बसून पायडल मारायला सांगितलं. स्वतः स्टुलावर बसून माझ्या पायाकडे बघत राहिले, नवरा लोकांच्या बुबुळांकडे बघतो तसे. मी चालवत होते. चाक हवेत फिरत होतं, दुकानातल्या टांगलेल्या टायरांच्या सावल्या भिंतीवरून सरकत होत्या, आणि मला उगाच वाटलं की मी अशीच कुठेतरी चाललेय, दुकानासकट.

काकांनी हात वर केला. "ताई, तुम्ही सायकल चालवत नाही. तुम्ही सायकलवर चवड्यांवर उभ्या आहात."

मी खाली बघितलं. दोन्ही टाचा वर. बोटं पायडलला चिकटलेली, टाच छताकडे. जणू आत्ता उडी मारून उतरायचंय. कुणीतरी आत्ता रडणार आहे.

घरी आले तेव्हा दुपार होती. मुंगीला सासूबाईंनी कसंबसं झोपवलं होतं. पडदे ओढलेले, त्यांच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर आडवी पडलेली, फ्रिज आपल्याशीच गुणगुणतोय. मी दार लावलं, कडी आवाज न करता बसवली, आणि स्वयंपाकघराकडे निघाले. पलंगाजवळची तिसरी फरशी सैल आहे, तिच्यावर पाय पडला की टक वाजतं. ती मी ओलांडली. कपाटाच्या कोपऱ्यापाशी अंग चोरलं. पाण्याचा पेला दोन बोटांनी उचलला. आणि तिथे, ओट्यापाशी, मला माझे पाय दिसले.

अडीच वर्षं मी माझ्याच घरात चवड्यांवर चालत होते.

मला आठवेना मी शेवटची टाच कधी टेकवली. मुंगी जागी असताना तिच्यामागे धावायचं, ते चवड्यांवर. ती झोपली की तरंगायचं, ते चवड्यांवर. पाळण्याशी वाकून श्वास चालू आहे का ते ऐकायचं, तेही. उन्हाच्या त्या पट्टीत धूळ तरंगत होती, तितक्याच सावकाश, तितक्याच बिनआवाजी. मला वाटलं, आपण ही अडीच वर्षं घराच्या जमिनीपासून दोन बोटं वर काढली आहेत. घर खाली, आपण वर, मधे कुणाची तरी झोप.

तेवढ्यात मुंगी उठून आली. दारात थांबली. हातात बाहुली होती. ती तिने सोफ्यावर ठेवली, तिच्यावर रुमाल टाकला, आणि मग वळून माझ्याकडे आली. चवड्यांवर. मी तिच्या या चालण्याबद्दल डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, मऊ आहेत म्हणाले, या वयात बरीच मुलं अशी चालतात, तिसऱ्या वर्षापुढे राहिलं तर परत दाखवा. मी तेही वहीत लिहिलं होतं. वेगळ्या पानावर.

दोन्ही पानं एकच आहेत हे मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. त्यांनी सीट एक बोट खाली घेतली. इतकी उंच होती की पायडल खाली गेलं की मला बोटांनी शोधावं लागे. पाय पायडलवर थोडा पुढे सरकवायला सांगितला, म्हणजे भार चवड्याच्या टोकावर न येता मागे येईल. एकदम तळ्यावर जायचं नाही, चाळीस, मग साठ, मग ऐंशी, आणि मधे पायाला विसावा. शेवटी एक नियम सांगितला: पहिल्या वीस किलोमीटरांत कुणीतरी म्हातारं माणूस तुमच्या पुढे निघून गेलं पाहिजे. नाही गेलं, तर तुम्ही जोरात चालवताय.

"आणि मीठ?" मी विचारलं.

मीठ घ्या की, ते म्हणाले, पण मिठाला टाच नसते.

मी सहा आठवडे घेतले. सकाळ-संध्याकाळ गच्चीच्या जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवायचे, टाचा पायरीबाहेर सोडायच्या, भिंतीला हात, आणि सावकाश खाली. पोटरीत जुनं दार उघडावं तशी ओढ लागायची. मुंगी खालच्या पायरीवर बसून बघायची आणि हुकूम द्यायची, "टाच खाली. अजून खाली. शाबास." मग तिचा नंबर. तिला पायरीवर जमायचं नाही, म्हणून ती जमिनीवरच दोन्ही टाचा आपटायची.

पण सगळ्यात अवघड होतं ते दुपारचं. ती झोपलेली असताना पूर्ण पावलांनी चालणं. पहिल्या दिवशी मी चार पावलं टाकली आणि मुंगी उठली. सासूबाई पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाल्या, आता घोडंच आण घरात, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशीही उठली. आठ-दहा दिवसांनी कूस बदलली आणि पडून राहिली. मला नवल वाटलं, आणि थोडं वाईटही. इतके दिवस मी जी झोप राखत होते, तिला माझी एवढी गरज नव्हती. तरी तळ्यावर जायच्या गोष्टीचा विषय निघाला की तिची झोप उडायचीच. ते घोडं तिथेच अडलं होतं.

ठरल्या रविवारी मी पहाटे उठले. बूट हातात घेतले, कडी आवाज न करता काढली, बाहेर आले. अंगणाच्या फाटकापाशी लक्षात आलं की मी चवड्यांवर चालत आलेय. स्वतःशीच हसले आणि तिथेच उभ्याउभ्या टाचा टेकवल्या, एकदा डावी, एकदा उजवी. ओल्या मातीत दोन पूर्ण पावलं उमटली.

पहाटेच्या रस्त्याला रंग नसतो. दिवे असतात, पण ते काही दाखवायला नसतात, नुसते असतात. पाण्याची टाकी मागे पडली, मग रेल्वेचं फाटक, तिथला माणूस कंदिलासारखा पिवळ्या खोलीत बसलेला. अकराव्या किलोमीटरला वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादलेल्या सायकलवरून एक आजोबा माझ्या पुढे गेले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना हात केला. त्यांनी वळून बघितलं आणि बहुधा घाबरून वेग वाढवला.

मग दुतर्फा झाडं लागली. उजेड झाडांच्या आत आधी आला, रस्त्यावर नंतर. पाय फिरत होते. लांबच्या वाटेवर एक वेळ येते तेव्हा पाय आपले राहत नाहीत, पण गोळ्याच्या वेळी राहत नाहीत तसे नव्हे. कुणीतरी विश्वासाचं माणूस ते चालवतंय आणि आपण वर बसून झोके घेतोय असं होतं. वीटभट्टीची चिमणी हळूहळू मोठी झाली आणि हळूहळू लहान झाली. खाली, टाच. खाली, टाच. मी घोट घोट पाणी घेत होते, खिशातलं केळं कधी संपलं कळलं नाही. तळं आलं तेव्हा ते आलं असं वाटलंच नाही. रस्ता संपला, एवढंच.

कठड्यावर बसले. पलीकडे काठ होता किंवा धुकं होतं. पाय सोडले तर टाचा दगडाला टेकल्या. पूर्वी टेकायच्या की नाही, आठवलं नाही. घड्याळात सव्वानऊ. मी मान वळवून कशाकडेही बघितलं नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठले.

एकाहत्तरावा किलोमीटर. उजव्या पोटरीत, कातडीच्या आत, कुणीतरी बोटाने टकटक केली.

मला माहीत होतं ते काय आहे. आधी टकटक होते, मग मूठ वळते. आणि त्या क्षणी मी पहिल्यांदा क्रम बघितला, प्रयोगशाळेत बघावा तसा. टकटक होण्याच्या थोडं आधी मी घड्याळ बघितलं होतं. साडेदहा झाले, अजून एकोणसाठ बाकी, चढ यायचाय, तीनच्या आत पोचायला हवं. हे मी याच ठिकाणी, वीटभट्टीच्या अलीकडे, दरवेळी मोजत आले होते. मोजलं की पोटात गोळा यायचा. पोटात आला की टाच वर जायची, वेग वाढायचा. आणि मग तो पोटरीत उतरायचा. एकच गोळा होता. त्याला एकच शब्द होता, तो बरोबर होता.

मी थांबले. वजनकाट्याची एक बंद टपरी होती, तिच्या भिंतीला हात लावून उजवा पाय मागे टाकला, गुडघा सरळ, टाच जमिनीकडे. पोटरी थरथरत होती. टाच जमिनीपासून एक बोट वर अडकली होती, खाली येईना. मी ओढलं नाही. वाट बघितली. मुंगी झोपायला नाही म्हणते तेव्हा मी बघते तशी.

उशीर होणार होता. जोर लावला तर वेळेत पोचले असते, किंवा पुन्हा गवतात आडवी झाले असते. हळू गेले तर गोळा येणार नव्हता, पण मुंगी उठेल तेव्हा उशाशी मी नसेन. दोन्हींतलं एकच मिळणार होतं. मी फोन काढला. नवऱ्याला नाही लावला, सासूबाईंना लावला. त्यांनी सांगितलं की बाईसाहेब सकाळपासून खिडकीत बसून आहेत, लवकर जेवायला घालते म्हटलं तर नको, जेवलं की झोप येते म्हणतात.

तिला फोन द्या, मी म्हटलं.

मुंगीचा श्वास ऐकू आला. मग तिने हळूच विचारलं, "गोळा उठला?"

खोटं बोलावंसं वाटलं. "उठला होता," मी म्हटलं. "मी त्याला झोपवतेय."

"टाच खाली?"

"टाच खाली."

"अजून खाली," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. टाच टेकली होती. कधी टेकली ते मला कळलं नव्हतं. तिला सांगितलं की मला आज उशीर होणार आहे, तू उठशील तेव्हा मी कदाचित रस्त्यावर असेन, पण मी माझ्या पायांनी येतेय, गाडीतून नाही. तिने यावर विचार केला. मागे सासूबाईंनी कसलं तरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग मुंगी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "हळू ये," आणि फोन सासूबाईंच्या कानाला लावल्याचं कळलं.

पंचवीस मिनिटं गेली होती. मी चार घोट खारट-गोड पाणी प्यायले आणि निघाले. घड्याळ मनगटावरून काढून पिशवीत टाकलं. चढ आला तेव्हा उतरून सायकल हातात धरून चालले, लाज वाटली नाही. पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: एका कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी, वाऱ्याने फुगलेल्या, एका पुलाखालचा गारवा, रेल्वे फाटक बंद, आणि मालगाडीचे डबे न संपता जात राहिलेले, मी एक पाय जमिनीवर टेकून उभी, सबंध तळवा. डबे मोजले नाहीत. पाण्याची टाकी दिसली तेव्हा डाव्या मांडीत एक लहानसा झटका आला, मी उतरले, आणि शेवटचा पाऊण किलोमीटर गल्लीतून चालतच आले. काकांच्या दुकानावरून जाताना त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघून मान हलवली.

नवरा फाटकात उभा होता. साडेतीन वाजून गेल्याचं त्याने सांगितलं नाही. सायकल माझ्या हातातून घेतली, आणि सहज सांगावं तसं म्हणाला की त्या सहकाऱ्याने कालच दुसरी घेतली.

आत सासूबाई जपमाळेसारखा वाटाण्याच्या शेंगांचा ढीग सोलत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. मुंगी दोन वाजेपर्यंत खिडकीत होती. जेवली, आणि ताटावरच पेंगली. अजून उठली नव्हती.

मी बूट काढले. मोजे ओले होते. खोलीत पडदे ओढलेले, उजेडाची पट्टी आता पलंगापर्यंत पोचलेली. मी चालत गेले. सवयीने अंग उचललं जात होतं, तरी टाच ठेवली. एक फरशी, दुसरी फरशी. तिसरी ओलांडली नाही. टक.

मुंगीने कूस बदलली. डोळे मिटलेलेच. मी उशाशी बसले आणि पाय पलंगावर पसरले. माझ्या पोटऱ्या आतून गुणगुणत होत्या, स्वयंपाकघरातल्या फ्रिजसारख्या. मलाही डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा उजव्या पोटरीवर काहीतरी गरम होतं. तिचा कान.

ती ऐकत होती. मी श्वास रोखून धरला. मग माझं मलाच आठवलं आणि सोडला.

"आहे," तिने निकाल दिला. "पण झोपलाय."

मग ती पलंगावरून उतरली आणि आजीला ही बातमी द्यायला निघाली. तिच्या बाहुलीला सोफ्यावर झोप लागली होती, पण मुंगी तिच्या शेजारूनच गेली. धप, धप, धप, सबंध पावलांनी, अगदी स्वयंपाकघरापर्यंत.